जनावरांच्या हाडांची घडण : संप्रेरके आणि ओझे

बैलबाजारात गेलेला जाणता शेतकरी जनावराचे दात पाहतो, खूर पाहतो, वशिंडावरून हात फिरवितो आणि शेवटी पुढच्या पायाच्या नळीवर अंगठा दाबून पाहतो. नळी सरळ व भरीव लागली की त्याचे समाधान होते. ही परीक्षा योग्यच आहे. औताचा व गाडीचा सारा जोर अखेर या नळीवरून जमिनीत उतरतो आणि पायाने अधू झालेल्या बैलास पुढे कोणी विचारीत नाही. परंतु ही नळी अशी भरीव कशाने झाली, असे विचारले तर बहुतेक ठिकाणी “खुराक चांगला होता” एवढेच उत्तर मिळते.

खुराकाचे महत्त्व कोणी नाकारणार नाही. तथापि खुराकातील चुना व स्फुरद हे केवळ बांधकामाचे साहित्य होय. विटा अंगणात येऊन पडल्या म्हणून घर उभे राहत नाही. भिंत कोठे जाड हवी, कोठे पातळ चालेल आणि कोणती जुनी भिंत पाडावयाची, हे सांगणारा कोणीतरी लागतो. हाडाच्या बाबतीत असे सांगणारे दोन आहेत. एक, रक्तातून वाहत येणारी संप्रेरके, म्हणजेच हार्मोन. आणि दुसरे, प्रत्यक्ष त्या हाडावर पडणारा भार. गोठ्यातील पुष्कळ नुकसान हे साहित्याच्या टंचाईने नव्हे, तर या दोन आज्ञांपैकी एखादी न मिळाल्याने, उशिरा मिळाल्याने किंवा भलत्या वेळी मिळाल्याने होत असते.

हाड जिवंत असते

माळावर पडलेले पांढरे हाड पाहून हाड म्हणजे दगडासारखी निर्जीव वस्तू असा समज होतो. हा समज दूर करण्यासाठी ग्रामकार्यकर्त्यांना एक सोपा प्रयोग करून दाखविता येईल. कोंबडीच्या तंगडीची दोन स्वच्छ हाडे घ्यावीत. एक हाड शिरक्यात म्हणजे व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवावे आणि शिरका मधूनमधून बदलावा. काही दिवसांनी ते हाड ओल्या वेताप्रमाणे वाकू लागते. कारण त्यातील क्षार विरघळून जातात व चिवट तंतू तेवढे उरतात. दुसरे हाड चुलीच्या निखाऱ्यात भाजावे. त्याचा आकार कायम राहतो, पण चिमटीत धरताच त्याचा चुरा होतो. कारण तंतू जळून जातात आणि क्षार मागे राहतात. सुक्या हाडात सुमारे दोन-तृतीयांश भाग क्षारांचा व उरलेला मुख्यतः तंतूंचा असतो. शरीरातील शेकडा ९९ टक्के कॅल्शियम हाडांत व दातांत साठविलेले असते.

या क्षारांत व तंतूंत तीन प्रकारच्या पेशी काम करीत असतात. पहिल्या हाड बांधणाऱ्या. दुसऱ्या हाड झिजविणाऱ्या. त्या आम्ल सोडून जुने हाड विरघळवितात व त्यातील कॅल्शियम रक्तात मोकळे करतात. तिसऱ्या पेशी मूळच्या बांधणाऱ्यांपैकीच असून स्वतः बांधलेल्या हाडात गाडल्या गेलेल्या असतात. संख्येने याच सर्वांत जास्त. हाडातील दर दहा पेशींपैकी नऊ किंवा त्याहूनही अधिक पेशी या प्रकारच्या असतात. केसाहून बारीक अशा नालिकांतून त्या एकमेकींशी व पृष्ठभागावरील पेशींशी जोडलेल्या असतात. त्या निकामी होऊन पडलेल्या आहेत असे पूर्वी मानीत. हाडावर किती भार आला याची दखल घेणाऱ्या राखणदार त्याच आहेत, हे आता कळून आले आहे.

ओझ्याची आज्ञा

हाडाची घडण त्यावर पडणाऱ्या भारानुसार बदलते, हा नियम युलिउस वोल्फ या जर्मन शल्यचिकित्सकाने १८९२ साली ग्रंथरूपाने मांडला. भार पडेल तेथे हाड जाड होते आणि भार नाहीसा होईल तेथे ते झिजते. लोहाराचा घणाचा हात दुसऱ्या हाताहून दणकट असतो हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्या हाताचे केवळ स्नायूच नव्हे, तर हाडही जाड झालेले असते.

किती भार पुरतो, या प्रश्नाचे उत्तर मात्र बऱ्याच काळाने मिळाले, आणि तेही कोंबड्याच्या पंखातून. रुबिन व लॅनियन या संशोधकांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कोंबड्याच्या पंखातील एक हाड शस्त्रक्रियेने नेहमीच्या हालचालीपासून अलग केले आणि त्यावर यंत्राने मोजून-मापून भार दिला. ज्या हाडांवर भार मुळीच दिला नाही, ती झिजली. दिवसातून केवळ ४ वेळा भार दिला तेव्हा झीज थांबली. दिवसातून ३६ वेळा दिला तेव्हा सहा आठवड्यांत हाडातील क्षार एक-तृतीयांशाने किंवा त्याहून अधिक वाढले. या ३६ खेपांस दोन मिनिटेसुद्धा लागत नाहीत. पुढे खेपा वाढवून १,८०० पर्यंत नेल्या, तरी ३६ खेपांनी साधले त्याहून अधिक काही साधले नाही. त्याच संशोधकांच्या दुसऱ्या एका प्रयोगात असेही आढळले की, भार एकसारखा दाबून ठेवला तर हाड त्याची दखल घेत नाही. भार आला पाहिजे व गेला पाहिजे.

हा शेवटचा मुद्दा गोठ्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. दावणीला दिवसभर बांधलेल्या वासराच्या पायांवर त्याच्या अंगाचे वजन असतेच, मग हाडांना व्यायाम झालाच की, असे कोणी म्हणेल. परंतु उभे राहण्याचा भार हा स्थिर भार होय. वासरू उड्या मारते, शेपटी वर करून गोठ्याभोवती दोन फेऱ्या मारते, तेव्हा जो भार क्षणात येतो व क्षणात जातो, तोच हाडाला कळतो. हाड किंचित वाकले की त्यातील सूक्ष्म नालिकांमधला द्रव पुढे-मागे सरकतो आणि त्या हालचालीवरून गाडलेल्या पेशींना भाराची जाणीव होते. द्रव हलला नाही तर संदेश नाही.

अमेरिकेत होल्स्टीन जातीच्या गोऱ्ह्यांवर याची प्रत्यक्ष परीक्षा झाली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही वासरे अरुंद कप्प्यात बांधून ठेवली, आणि तशाच कप्प्यांतील दुसऱ्या काही वासरांना आठवड्यातून पाच दिवस, दिवसातून एकदा, अवघे ५० मीटर पळविले. सहा आठवड्यांनी पळालेल्या वासरांच्या पुढच्या नळीची घडण बांधलेल्यांहून भक्कम आढळली. पुढे २०१९ साली मिशिगन स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी याहून थोडक्यात काम भागते का ते पाहिले. आठवड्यातून केवळ एकदा ७१ मीटर पळालेल्या वासरांची नळी मोडण्यास, न पळालेल्यांच्या मानाने शेकडा २० टक्क्यांहून अधिक जोर लावावा लागला. या धावेला पैसा लागत नाही, औषध लागत नाही, आणि वासराला ती स्वतःलाच हवी असते.

तेव्हा वासरू दूध प्यायले की लगेच दाव्याला बांधावयाचे, हा प्रघात सोडून द्यावा. गोठ्याच्या बाजूस कुंपण घालून थोडी मोकळी जागा ठेवावी व सकाळ-संध्याकाळ वासरे तेथे सोडावीत. जमीन निसरडी किंवा फरशीची नसावी. उन्हाचा लाभही त्यातच होतो. कातडीवर पडणाऱ्या उन्हाने ड जीवनसत्त्व तयार होते आणि त्यावाचून आतड्यातून कॅल्शियम नीट शोषले जात नाही.

खोंड आणि जू

भार हाडाला हवा, म्हणून खोंड लवकर जुंपावा, असा अर्थ काढणे मात्र घातक होईल. वाढत्या जनावराच्या लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेची एक चकती असते. हाडाची लांबी या चकतीत वाढते. चकती हाडाने भरून आली की लांबी वाढणे थांबते. ही चकती हाडाच्या मानाने मऊ असते आणि सर्व ठिकाणी ती एकाच वेळी भरत नाही. पुढच्या नळीच्या खालच्या टोकाची चकती सुमारे दोन ते अडीच वर्षांच्या वयात भरते. परंतु पुढच्या गुडघ्यालगतच्या वरच्या हाडाची आणि खांद्याकडील टोकाची चकती भरावयास साडेतीन ते चार वर्षे लागतात. म्हणजे आदत खोंड दुसा झाला, नळी भरीव लागू लागली, म्हणून तो पुरा झाला असे नव्हे. नळी तयार झाली असली तरी ज्या खांद्यावर जू ठेवावयाचे त्याचे काम अजून चालूच असते.

दुसा झालेल्या खोंडास जुवाची सवय लावावी, मोकळी गाडी किंवा हलका कुळव थोडा वेळ ओढू द्यावा. हा भार त्याच्या हाडांना हितकरच असतो. खोल नांगरट, उसाची भरलेली गाडी, चढणीचा रस्ता ही कामे चार वर्षांच्या आत देऊ नयेत. पुऱ्या वाढलेल्या बैलाचे सलग ओढण्याचे बळही त्याच्या वजनाच्या साधारण दशांशाइतकेच धरतात, हे ध्यानात ठेवले म्हणजे खोंडाकडून काय अपेक्षा करावी हे वेगळे सांगावयास नको.

अतिभाराची साक्ष हाडे स्वतःच देतात. रोमानियातील ओढकामाच्या बैलांच्या पायांची हाडे तपासून १९९७ साली एक सविस्तर अभ्यास प्रसिद्ध झाला. आयुष्यभर ओढून झालेल्या बैलांच्या खुरांवरील हाडांच्या कडा रुंदावलेल्या, सांध्यांभोवती हाडांचे कंगोरे वाढलेले आणि सांध्यांचे पृष्ठभाग खराब झालेले आढळले. हाडाने भाराची आज्ञा येथेही पाळलीच. परंतु आज्ञाच अशी होती की ती पाळता पाळता सांधा गेला. पुराणवस्तू संशोधक आता याच खुणांवरून जुन्या वस्त्यांतील जनावरे औताला होती किंवा नाही, ते ओळखतात.

विश्रांतीविषयीही येथेच सांगावयास हवे. उंदरांवरील प्रयोगांत, दिवसाच्या ३६० खेपा एकदम देण्याऐवजी ९० च्या चार पाळ्या करून व मध्ये काही तास सोडून दिल्या, तेव्हा हाड अधिक बांधले गेले. भार सतत येत राहिला की राखणदार पेशी बधिर होतात, आणि त्यांस पुन्हा सावध होण्यास सुमारे आठ तास लागतात, असे २००१ साली दिसून आले. उंदरावरून बैलाचा हिशेब तंतोतंत मांडता येणार नाही. तरीसुद्धा सकाळचे औत दुपारी सोडून, ऊन उतरल्यावर पुन्हा धरण्याची आपल्याकडील जुनी रीत हाडांच्याही सोयीची आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. गाडीस जुंपलेल्या जनावरांकडून दिवसात ९ तासांहून अधिक, किंवा विश्रांतीवाचून सलग ५ तासांहून अधिक काम घेऊ नये, असे १९६५ चे केंद्रीय नियमही सांगतात. आणि तापमान ३७ अंशांवर गेले असता दुपारी १२ ते ३ या वेळात जुंपण्यास मनाई करतात.

रक्तातील आज्ञा

आता दुसऱ्या आज्ञेकडे वळू. संप्रेरके ही शरीरातील निरनिराळ्या ग्रंथींत तयार होऊन रक्तात मिसळणारी द्रव्ये होत. अत्यल्प प्रमाणात असूनही दूरच्या अवयवाचे काम ती वाढवितात किंवा थांबवितात. मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतील वाढीचे संप्रेरक कूर्चेच्या चकतीस वाढत ठेवते. वयात येताना वृषणातून व अंडाशयातून येणारी संप्रेरके प्रथम वाढीस जोर देतात आणि नंतर तीच चकती भरून टाकून वाढ थांबवितात.

यात एक नवलाची गोष्ट आहे. नराच्या हाडातील चकती भरण्याचे काम पुरुष-संप्रेरक स्वतः फारसे करीत नाही. शरीरात त्याचा काही अंश इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकात बदलतो आणि ते इस्ट्रोजेन हे काम करते. १९९४ साली वैद्यकीय नियतकालिकात एका २८ वर्षांच्या पुरुषाची हकीकत प्रसिद्ध झाली. त्याच्या पेशींना जन्मतःच इस्ट्रोजेनची आज्ञा ऐकू येत नव्हती. त्याच्यात पुरुष-संप्रेरकाची उणीव नव्हती. तरी चकत्या उघड्याच राहिल्या होत्या, तो २०४ सेंटिमीटर उंच झाला होता, आणि हाडे मात्र विरळ होती.

गोऱ्हा खच्ची केला म्हणजे काय होते, हे यावरून उलगडते. वृषणे निकामी झाली की संप्रेरक येणे थांबते, चकत्या उशिरा भरतात आणि पायांची हाडे अधिक काळ लांबत राहतात. लहानपणी खच्ची केलेला बैल म्हणूनच उंच, लांब पायांचा व सडपातळ हाडाचा होतो. त्याची मान व वशिंड भरत नाहीत. अंगाने भरल्यानंतर खच्ची केलेल्या बैलाचा खांदा व मान जाड आणि हाड रुंद असते. ओढकामासाठी राखावयाच्या गोऱ्ह्याच्या बाबतीत याचा विचार अवश्य व्हावा व त्याचे वय पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ठरवावे. मोठ्या जनावरास हे करताना भूल देणे आवश्यक आहे. दगडाने ठेचण्याचा जुना प्रकार अत्यंत क्रूर असून तो कोठेही होऊ देता कामा नये. शिवाय खच्ची केलेल्या बैलाच्या चकत्या उशिरा भरतात, याचा दुसरा अर्थ असा की, पूर्ण भारासाठी त्याला थोडे अधिकच थांबावे लागते. उंचीला भुलून असा बैल लवकर जुंपला जातो, आणि तेथेच चूक होते.

व्यालेली गाय खाली का बसते

हाडाचा उपयोग केवळ उभे राहण्यासाठी नाही. ती कॅल्शियमची पेवही आहे. हे पेव उघडण्याची किल्ली मानेतील अवटु ग्रंथीलगतच्या चिमुकल्या परावटु ग्रंथींकडे असते. या ग्रंथींचा पहिला शोध, योगायोगाने, एका भारतीय गेंड्यात लागला. १८४९ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या गेंड्याचे विच्छेदन करताना रिचर्ड ओवेन यांना त्या आढळल्या. रक्तातील कॅल्शियम थोडे जरी उतरले तरी या ग्रंथी आपले संप्रेरक सोडतात. ते मूत्रपिंडास कॅल्शियम राखावयास सांगते, ड जीवनसत्त्वास कार्यक्षम रूप देऊन आतड्याकडून अधिक शोषण करविते, आणि हाड झिजविणाऱ्या पेशींना कामाला लावते. गमतीचा भाग असा की, या पेशी ती आज्ञा प्रत्यक्ष ऐकत नाहीत. ती ऐकतात बांधणाऱ्या पेशी व गाडलेल्या पेशी, आणि त्या पुढे निरोप पोचवितात.

आता दुभत्या गायीचा हिशेब पाहू. मोठ्या संकरित गायीच्या साऱ्या रक्तद्रवात मिळून सुमारे ३ ग्रॅम कॅल्शियम असते. एक लिटर चिकात सुमारे २ ग्रॅम जाते. दहा लिटर चीक निघाला की रक्तात आहे त्याच्या सहा-सातपट कॅल्शियम बाहेर पडले. ही तूट तासातासाला पेवातून व आतड्यातून भरून निघाली पाहिजे. परंतु किल्ली फिरविल्यावर आतड्याचे काम वाढावयास जवळजवळ एक दिवस आणि हाडातून पुरेसे कॅल्शियम सुटावयास सुमारे दोन दिवस लागतात. या मधल्या काळातच गाय खाली बसते. हाच दुग्धज्वर. नाव ज्वर असले तरी अंग तापत नाही. उलट कान व पाय गार पडतात, गाय लटपटते, छातीवर बसते, मान वळवून बरगडीवर टाकते, आणि उपचार न झाल्यास काही तासांत दगावते. या रोगाचे कारण रक्तातील कॅल्शियम उतरणे व परावटु ग्रंथींची अपुरी साथ हे असावे, असे स्कॉटलंडमधील ड्रायरे व ग्रेग यांनी १९२५ साली मांडले.

पहिलारू गायीला हा रोग सहसा होत नाही. तिची हाडे अजून वाढीस लागलेली असल्यामुळे तेथे पेशींची वर्दळ असते व आज्ञा लगेच अमलात येते. तिसऱ्या-चौथ्या वेताच्या भरपूर दुधाच्या गायीत मात्र हाडाचे काम मंदावलेले असते.

येथे एक समज आवर्जून दुरुस्त केला पाहिजे. गाय व्याल्यावर कॅल्शियम लागते, म्हणून गाभण व भाकड काळातच तिला भरपूर कॅल्शियमची औषधे पाजण्याची प्रथा अनेक गावांत आहे. हेतू चांगला, परिणाम उलटा! रक्तात कॅल्शियम आयतेच भरपूर येत राहिले तर परावटु ग्रंथी स्वस्थ बसतात आणि पेशी निजतात. मग व्यायल्याबरोबर जेव्हा एकाएकी किल्ली फिरवावयाची वेळ येते, तेव्हा कोणी जागे नसते. व्यायण्यापूर्वी कमी कॅल्शियमचा आहार दिला असता दुग्धज्वर टळतो, असे बोडा व कोल यांनी १९५४ साली दाखवून दिले. म्हणून भाकड काळाच्या शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत लसूणघास व बरसीम यांसारखा कॅल्शियमयुक्त चारा आणि कॅल्शियमची जास्तीची औषधे कमी करावीत. कडबा, गवत व थोडा खुराक यांवर भर द्यावा. व्याल्यानंतर मात्र कॅल्शियम व क्षारमिश्रण हात राखून देऊ नये.

आणखी एक अडचण अलीकडे समजली आहे. संप्रेरक आले तरी पेशींना ते ऐकू न जाणे, अशीही स्थिती होते. शेणखताचे पाणी सतत सोडलेल्या जमिनीतील हिरव्या चाऱ्यात पालाश फार असते. त्याने रक्त अधिक अल्कधर्मी होते आणि पेशी परावटु संप्रेरकास नीट दाद देत नाहीत. मॅग्नेशियमची उणीव असली तरी असेच घडते. यावर खास क्षारांची योजना करता येते, पण ती पशुवैद्यकानेच ठरवून द्यावी.

गाय खाली बसलीच तर तिच्या तोंडात काहीही ओतू नये. गिळण्याची शक्ती गेलेली असल्यामुळे ते फुप्फुसात जाते. तिला छातीवर बसती ठेवून दोन्ही बाजूंनी गवताच्या पेंढ्यांचा आधार द्यावा, दर काही तासांनी कूस बदलावी आणि तात्काळ पशुवैद्यकास बोलवावे. शिरेतून द्यावयाचे कॅल्शियम हळूहळू द्यावे लागते; घाईने दिल्यास हृदय बंद पडू शकते. म्हणून गावातल्या कोणा हौशी माणसाने सुई हाती घेऊ नये.

दोन आज्ञांची गाठ

ओझे व संप्रेरक या आज्ञा वेगवेगळ्या वाटांनी येत असल्या तरी हाडात त्यांची गाठ पडते. गाडलेल्या पेशी स्क्लेरोस्टिन नावाचे एक प्रथिन सोडतात. ते बांधणाऱ्या पेशींना आवरून धरणारा लगामच होय. ज्या कुटुंबांतील काही माणसांत हे प्रथिन तयारच होत नाही, त्यांची हाडे बेसुमार जाड होतात. या कुटुंबांच्या अभ्यासातूनच २००१ साली या प्रथिनाचा शोध लागला. हाडावर भार आला की ज्या भागावर तो आला तेथे हा लगाम सैल होतो. परावटु संप्रेरकही तो सैल करते. म्हणूनच हे संप्रेरक सतत वाढलेले राहिले तर हाड झिजते, परंतु रोज थोडे व थोडा वेळ मिळाले तर ते बांधले जाते. इस्ट्रोजेनचाही येथे संबंध पोचतो. ज्या उंदरांच्या पेशींत इस्ट्रोजेनचा संदेश घेण्याची मुख्य सोय नव्हती, त्यांची हाडे भाराला नीट प्रतिसाद देऊ शकली नाहीत, असे लॅनियन यांच्या गटाने २००३ साली प्रसिद्ध केले. संप्रेरकाचे बिनसले तर ओझ्याचाही उपयोग उणावतो.

अंड्यावरची कोंबडी

या गाठीचे सर्वांत ठळक उदाहरण खुराड्यात आहे. एका अंड्याच्या कवचात २ ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, म्हणजे कोंबडीच्या अंगातील एकूण कॅल्शियमचा सुमारे दहावा हिस्सा. आणि हा खर्च जवळजवळ रोजचा. त्यासाठी निसर्गाने वेगळी सोय केली आहे. तलंग अंड्यावर येण्यापूर्वी सुमारे दोन आठवडे तिच्या रक्तात इस्ट्रोजेन वाढते आणि पायाच्या हाडांच्या पोकळीत एक मऊ, जाळीदार हाड तयार होऊ लागते. हे हाड भार पेलण्यासाठी नसून केवळ कवचासाठी कॅल्शियम ठेवण्याची ती जागा असते. कवच मुख्यतः रात्री बनते. तेव्हा हे जाळीदार हाड विरघळते व दिवसा पुन्हा भरते.

मात्र याची किंमत द्यावी लागते. इस्ट्रोजेनचा जोर असेपर्यंत बांधणाऱ्या पेशी केवळ जाळीदार हाड बांधतात. भार पेलणारे खरे हाड झिजत राहते, पण नव्याने बांधले जात नाही. कोंबडी अंडी देणे थांबविते तेव्हाच ते भरून येऊ लागते. त्यात ती अरुंद पिंजऱ्यात असली, तर ओझ्याची आज्ञाही बंद होते. पिंजऱ्यातील उत्तम अंडी देणाऱ्या कोंबड्या एकाएकी पायांवर उभ्या राहीनाशा होतात, ही तक्रार १९५५ सालीच नोंदली गेली होती. अशा कोंबड्या पकडतानाही त्यांची हाडे मोडतात.

परसातील कोंबडीपालनात हे टाळणे अवघड नाही. कोंबड्यांना बसावयास आडव्या काठ्या द्याव्यात. चढण्या-उतरण्याने व पंख फडफडविण्याने हाडांना हवा तो येता-जाता भार मिळतो. काठ्या फार उंच नसाव्यात व उतरण्यास फळीचा उतार असावा, कारण उंचावरून आपटून छातीचे हाड मोडते. हे हाड पुरते कठीण व्हावयास पस्तीस-चाळीस आठवडे लागतात. तलंगांच्या खाद्यात कॅल्शियम शेकडा १ च्या आसपास पुरते. अंड्यावर येताच ते शेकडा साडेतीन ते चारपर्यंत वाढवावे. त्याआधी वाढविल्यास मूत्रपिंडे बिघडतात. शिंपल्यांचा चुरा पिठासारखा बारीक करू नये. गव्हाच्या दाण्याएवढा भरड ठेवून तो सायंकाळच्या खाण्याच्या वेळी वेगळ्या भांड्यात द्यावा. भरड तुकडे पोटात सावकाश विरघळतात व रात्री कवच बनत असताना कॅल्शियम पुरवीत राहतात, त्यामुळे हाडातून तेवढे कमी काढावे लागते.